चाळीसच्या आतली गाडी

उधना, सुरत
२ नोव्हेंबर २०२५

काशीभाऊ, रंजनाचा नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन केला असता, पण तुला माहीतच आहे, इतकी वर्षं लूमवर काढून ह्यांचे कान गेलेत आणि फोन आला की ते स्पीकर चालू करायला लावतात. मग आपण भाऊबहीण काय बोलतो ते सगळ्या गल्लीला कळतं. मला सांगायचंय ते ललितच्या कानावर जाता कामा नये, म्हणून कामावर बसून लिहितेय.

दसऱ्याला ललित अठरा वर्षांचा झाला. पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये फिटरच्या हाताखाली लागलाय, ते तुला ठाऊक आहे. आता ह्यांनी त्याला आपली जुनी मोटरसायकल देऊन टाकली. तीच, शंभर सीसीची, मागच्या बोळात ताडपत्रीखाली पडलेली. मी म्हटलं, पडू दे, कोंबड्या तरी बसतात तिच्यावर. तर हे म्हणाले, "पोऱ्या मोठा व्हयना आते." झालं. त्या दिवसापासून पोरगं बोळातच राहायला गेल्यासारखं आहे. गाडीचा एकेक अवयव काढून ठेवलाय आणि म्हणतो, मम्मी, बघच, ओळखू येणार नाही अशी बनवतो.

भाऊ, मी हाडांच्या दवाखान्यात आया आहे. बाकी पोरांच्या आया मोटरसायकल बघतात तेव्हा त्यांना मोटरसायकल दिसते. मला तिच्यावरून पडलेलं पोरगं दिसतं. आमच्या वॉर्डात निम्मी पोरं ललितच्या वयाची. त्यांच्या आया बाहेर बाकावर बसतात, चहा दिला तर कप हातात धरून ठेवतात, पीत नाहीत. त्या बाकावर मला बसायचं नाही.

ललित तुझ्याकडे कार्बोरेटर पाठवणार आहे साफ करायला. त्यात असं काहीतरी कर की गाडी चाळीसच्या वर जाणारच नाही. कितीही पिळलं तरी नाही. तुला येतं, मला माहीत आहे. त्याला मात्र कळू देऊ नकोस. उत्तर ट्रॅव्हल्सवाल्या छगनकडे दे, तो दवाखान्यावरूनच जातो, माझ्या हाती देईल.

तुझी
रंजू

*

उधना
५ नोव्हेंबर

मामा, रामराम.

तुमचा नियम आहे की सामान पाठवलं तर सोबत चिठ्ठी पाहिजे, म्हणून लिहितोय. नाहीतर फोटोच टाकले असते, पण तुमचा फोन बटणांचा. मराठी शाळा आठवीपर्यंतच झाली, चुकलं तर सांभाळून घ्या.

कार्बोरेटर पाठवलाय. आत इतकी घाण आहे की मी हात लावला तर बिघडेल. बाकी सगळं मी करतोय. उंच हँडल काढून सपाट टाकलं. मागचा मडगार्ड कापून लहान केला. पुढे चौकोनी दिवा होता, तो काढून गोल लावला, कतारगामच्या भंगारबाजारात मिळाला. टाकीला सगळे काळा रंग मारतात, मी मोरपिशी मारणार. आमच्या मिलमध्ये रंग मिळवणारे मास्तर आहेत, त्यांच्याकडून कापडाचा तुकडा आणलाय, तोच रंग पाहिजे. सीटच्या रेक्झीनवर एम्ब्रॉयडरी मशीनवाल्या गजेंद्रने शिवण टाकून दिली, चौकटी चौकटी, एकदम मस्त.

दोस्त म्हणतात सीट छोटी कर, एकट्याची, तेव्हाच लूक येतो. पण मी मागे जागा ठेवली आणि साडीगार्डही काढलं नाही. मम्मी बसणार ना. ती आत्ता शिव्या घालते, पण बसणार. दवाखान्यात जायला शेअर रिक्षात कोंबून जाते, मला ते आवडत नाही.

सायलेन्सर कापू का? मोठा आवाज येतो.

तुमचा
ललित

*

दोंडाईचा
९ नोव्हेंबर

चि. रंजू, खूप आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं थट्टा करतेस.

तू म्हणतेस ते करता येतं, अवघड काही नाही. कार्बोरेटरच्या टोपणात पितळेचा एक बुश घालायचा, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही आखूड नळीचा तुकडा. एक्सलेटर पिळला की आतली पट्टी वर उचलली जाते आणि इंजिनला दम मिळतो. बुश घातला की ती अर्ध्यावर अडते. मग पिळत बस.

पण मी करणार नाही. रस्त्यावर माणूस ब्रेकने वाचतो तसा वेगानेही वाचतो. ट्रक अंगावर आला तर निघून जाता आलं पाहिजे. जिला निघून जाता येत नाही अशी गाडी मी दुकानातून आजवर बाहेर पाठवली नाही, आणि पहिली भाच्याचीच पाठवू? ललितला समज दे. पोरगं शहाणं आहे. साडीगार्ड ठेवलंय त्याने तुझ्यासाठी, माहीत आहे का? या वयात आपल्या गाडीला साडीगार्ड ठेवणारं पोरगं मी पाहिलं नाही.

आणि तो आज मिलमध्ये जातो कसा? शेअर रिक्षाच्या कडेला एक पाय आत, एक बाहेर, असाच ना? त्याची भीती वाटत नाही तुला?

कार्बोरेटर साफ करून ठेवलाय. सायलेन्सरला हात लावलास तर सुरतेत येऊन कान उपटीन असं मी कळवलंय म्हणून त्याला सांग.

तुझा
काशिनाथ

*

उधना
१४ नोव्हेंबर

भाऊ,

कार्बोरेटर अजून पाठवू नकोस. आधी हे वाच.

काल एक पोरगं आणलं. नवी गाडी, नवे बूट, एकच बूट पायात. मी त्याची पँट कापत होते आणि तो मला सारखा सांगत होता, "मासी, मम्मीने ना केता." आईला सांगू नका. आई तर दारातच उभी होती. मी तिला धरून बाकावर बसवलं. ती मला म्हणाली, मीच हट्ट केला होता त्याच्या बापाजवळ, घेऊन द्या त्याला गाडी म्हणून.

शेअर रिक्षाची भीती वाटते की नाही विचारतोस. वाटते. ललित घराबाहेर पडला की मला सगळ्याची भीती वाटते. पण रिक्षा दुसऱ्याच्या हातात असते. ही गाडी आपण देणार आहोत भाऊ. आपल्या बोळातली, आपल्या हातची. काही झालं तर मी कोणाला दोष देऊ?

समज दे म्हणतोस. दिली. तो म्हणतो, हो मम्मी. वॉर्डातली सगळी पोरं हो मम्मीच म्हणालेली असतात.

तू निघून जाता येण्याचं लिहिलंस. चाळीसने जाणारा माणूस निघून कशाला जाईल? तो कडेकडेने जाईल. मी लहान असताना विहिरीवर पाणी भरायला गेले की तू मागून माझ्या परकराचं टोक धरून उभा राहायचास. पुढे मी मोठी झाले, तरी धरायचास. आता मी एवढंच मागतेय. त्याचं टोक धर.

तू नाही म्हणालास तर मी ह्यांच्या जेवणाच्या वेळी बोळात जाऊन गाडीच्या टाकीत साखर टाकीन. तेवढं मलाही येतं.

रंजू

*

दोंडाईचा
१९ नोव्हेंबर

रंजू,

साखर टाकू नकोस. इंजिन जाईल.

बुश घातला आहे. चाळीस, फार तर बेचाळीस. हायवेला त्याने जाऊ नये, गावातल्या गावात ठीक आहे. हे तू त्याला काहीही करून पटव. पलसाण्याला जायचं तर आतल्या रस्त्याने, कडेकडेने.

मनाला पटलेलं नाही. तू परकराचं काढलंस म्हणून केलं.

काशिनाथ

*

उधना
१२ डिसेंबर

मामा, रामराम.

गाडी चालू झाली! दुसऱ्या किकला. पप्पांनी टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चालू शे ना?" त्यांना आवाज ऐकू येत नाही, पण हाताला कळलं. मग नारळ फोडला. गल्लीतली पोरं म्हणतात नवी आहे का. मोरपिशी रंग उन्हात वेगळा दिसतो आणि सावलीत वेगळा.

पक्कं लायसन्सही आलं. तुम्ही म्हटल्याप्रमाणे सायलेन्सरला हात लावला नाही, नंबरप्लेटलाही नाही.

एक विचारायचं होतं. कार्बोरेटर बसवायच्या आधी मी टोपण उघडून पाहिलं, कारण पट्टी पूर्ण वर जात नव्हती. आत पितळेचा एक बुश आहे. मी आमच्या फिटर काकांना विचारलं, ते म्हणाले असा बुश ह्या गाडीत नसतो. दोस्ताची सेम गाडी आहे, तीही उघडून पाहिली, त्यातही नाही. मला वाटतं तो चुकून राहिला. काढून टाकू का? काढला तर गाडी अजून चांगली पळेल असं वाटतं. पण तुम्ही हात लावलेल्या वस्तूत मी विचारल्याशिवाय काही करत नाही.

ललित

*

दोंडाईचा
१७ डिसेंबर

चि. ललित, आशीर्वाद.

लायसन्स आलं, चांगलं झालं. टोपण उघडून पाहिलंस हेही चांगलं केलंस.

बुश राहू दे. मायलेजसाठी आहे. जुन्या गाड्यांना घालावा लागतो.

मामा

*

उधना
११ जानेवारी २०२६

काशीभाऊ,

उत्तराण, म्हणजे आपली संक्रांत, तोंडावर आली. आकाशात पतंगच पतंग, आणि आमच्या वॉर्डात मांजात अडकून गाडीवरून पडलेले येऊ लागले. रस्त्यावर आडवा मांजा असतो, दिसत नाही, गाडीवरच्या माणसाच्या गळ्यात बसतो. ललितने आपणहून हँडलला तारेची उंच कमान लावून घेतली, दोरा अडावा म्हणून. एवढी सुंदर बनवलेली गाडी त्या कमानीने विद्रूप दिसते. मला म्हणाला, "तुझ्यासाठी लावली. तू घरी बसून रडशील त्यापेक्षा बरी."

खरं सांगू? गाडी छान झाली आहे. मी त्याला अजून म्हटलं नाही. मी मागे बसून दवाखान्यात जाते आता. पहिल्या दिवशी दोन्ही डोळे मिटून त्याच्या खांद्याला घट्ट धरलं होतं, तर हळूच म्हणतो, "मम्मी, नखं." मग डोळे उघडले. मी मीटरवरच बघत असते. काटा चाळीसच्या जवळ येतो आणि थांबतो. तो थांबला की माझा श्वास मोकळा होतो. कधी कधी ललित मूठ आणखी पिळतो, मला दिसतं, काटा हलत नाही. मी मनात तुझं नाव घेते.

परवा एक रिक्षावाला त्याला ओरडून गेला, "ए, सायकल छे के गाडी?" ललित हसला, पण कान लाल झाले. मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

रात्रपाळी नाही, हायवे नाही, हे त्याने कबूल केलंय. मिलला आतल्या रस्त्याने जातो. उत्तराण झाली की पुष्पाबाईच्या नातवाचं बारसं आहे पलसाण्याला. पुष्पाबाई माझ्याबरोबर आया आहे. ललित म्हणतो, मी नेतो, आतून नेतो. जाऊ म्हणते. मी मागे असले की मला भीती कमी वाटते. जे व्हायचं ते दोघांचं होईल.

रंजू

*

उधना
२२ जानेवारी

भाऊ,

आम्ही दोघं जिवंत आहोत. हे आधी लिहिते.

बारशाला निघालो. आतल्या रस्त्यावर खोदकाम होतं, पोलिसाने सगळ्यांना हायवेवर वळवलं. सचिन गावाच्या पुढे. ललितने मान मागे करून मला विचारलं, मम्मी, जाऊ की परत फिरू? मीच म्हटलं, जाऊ, चार पावलांवर तर आहे. मीच म्हटलं.

समोर कापडाच्या ताग्यांनी लादलेला टेम्पो होता, आमच्यापेक्षाही हळू. धूर थेट तोंडावर. ललितने नीट आरशात पाहिलं, हात दाखवला आणि टेम्पोच्या बाजूने पुढे काढायला घेतली. टेम्पोच्या बरोबरीने आलो आणि त्या टेम्पोवाल्यानेही वेग वाढवला. मागून हॉर्न वाजला. मी वळून पाहिलं. ट्रेलर होता. त्याचं कपाळ दिसलं मला, काच नाही, ड्रायव्हर नाही, नुसतं कपाळ. ललितने मूठ पिळली. पूर्ण पिळली. काटा चाळीसवर थांबला, रोज थांबतो तसा. डावीकडे टेम्पो, मागे ट्रेलर, आणि आपली गाडी तिथल्या तिथे. ललित ओरडला, "उचलत नई शे! उचलत नई शे!" मीही ओरडले, काय ते मला आठवत नाही.

मग त्याने ब्रेक दाबून गाडी टेम्पोच्या मागे घातली. ट्रेलरने आमचा उजवा आरसा नेला. माझा पदर त्याच्या वाऱ्याने उडून तोंडावर आला, मला काही दिसेना, मला वाटलं मेलो आपण. गाडी कडेच्या मातीत जाऊन आडवी झाली. साडीगार्डमुळे माझा पाय चाकात गेला नाही. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. ललित उठला, मला उठवलं, "तुले लागनं का? लागनं का?" एवढंच विचारत राहिला. त्याचे हात माझा पाय चाचपत होते आणि मी ते हात धरू शकले नाही भाऊ. कुठल्या तोंडाने धरू?

घरी आल्यावर तो बोळात गेला आणि गाडीवर ताडपत्री टाकून आला. म्हणाला, "माझ्या बसवण्यात काहीतरी चुकलं असेल, मम्मी." दोन महिने खपून त्याने ती बनवली, आणि आता तो स्वतःच्या हाताला दोष देतो. मिलला पुन्हा रिक्षात लटकून जातो.  मी त्याला बुशचं सांगितलं नाही. तोंड उघडलं असतं तर त्याने पुन्हा माझ्या हातचं खाल्लं नसतं.

तू लिहिलं होतंस, निघून जाता आलं पाहिजे. मी तुला विहिरीची आठवण करून दिली.

तो बुश काढ. काहीतरी निमित्त कर, कार्बोरेटर परत मागव, आणि काढ. पण ललितला कळू देऊ नकोस, तुला माझी शपथ आहे.

रंजू

*

उधना
२३ जानेवारी

मामा,

मम्मीने तुम्हाला लिहिलं असेल किंवा नसेल, मला माहीत नाही. हायवेवर आम्ही मरता मरता वाचलो. गाडी उचलली नाही.

मम्मीला स्क्रू कुठला आणि नट कुठला ते कळत नाही. स्टार्टरला ती बटण म्हणते आणि हॉर्नलाही बटण म्हणते. ट्रेलर मागे आला तेव्हा ती माझ्या कानात ओरडली, "काशीभाऊ, तो बुश काढ!"

मामा, तिला बुश कसा माहीत?

मातीत पडल्या पडल्या मला सगळं कळलं. रोज ती खांद्यावरून मीटर का बघते तेही कळलं. मला वाटायचं तिला नवल वाटतं.

मला खूप राग आलाय. तिच्यावर कमी, तुमच्यावर जास्त. मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही मायलेज म्हटलंत. फिटर काका म्हणाले होते, तुझा मामा काहीतरी लपवतोय, आणि मी त्यांच्याशी भांडलो. दोन दिवस बोललो नाही त्यांच्याशी. माझ्या मामाला जास्त कळतं, असं म्हटलं मी.

मम्मीला म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं. ती कोपरावर हळद लावत होती, हात थांबला, मग पुन्हा लावू लागली. मी वाट पाहिली. ती बोलली असती तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ती रोज माझ्याकडे वॉर्डातल्या पेशंटकडे बघावं तशी बघते.

बुश मी काढला. खिशात आहे. तिला सांगू नका. तिला वाटू दे की तो आत आहे, नाहीतर मी बाहेर पडलो की ती दारातच उभी राहील. मी चाळीसच्या वर नेणार नाही. पण लागलं तर गाडीत जीव पाहिजे मामा. एवढं तरी मला द्यायचं होतंत.

ललित

*

दोंडाईचा
२७ जानेवारी

रंजू आणि ललित,

या वेळी दोघांना एकच पत्र. छगनला सांगितलंय की घरी, दोघांसमोर द्यायचं. ललितने मोठ्याने वाचायचं, त्याच्या पप्पांना, दगाजीरावांना, ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग गल्लीला कळलं तरी हरकत नाही. लपवून बरंच करून पाहिलं आपण.

तुमची दोघांची पत्रं एकाच दिवशी आली. दोघांनीही मला सांगितलं की दुसऱ्याला कळू देऊ नकोस. मी शपथ मोडतोय.

ललित, तुझ्या बसवण्यात काही चुकलं नव्हतं. बुश तुझ्या आईने मागितला आणि मी घातला. तुझ्या हाताला ते पहिल्याच दिवशी कळलं, तू विचारलंस, आणि मी खोटं लिहिलं. भाच्याशी नाही, एका कारागिराशी खोटं बोललो, जे मी धंद्यात कधी केलं नव्हतं. फिटर काकांची माफी माग आणि माझ्याकडूनही माग.

रंजू, तुझ्या पोराला बुशचं माहीत आहे. ट्रेलर आला तेव्हा तूच ओरडलीस. तुला आठवत नाही, त्याच्या कानात अजून आहे. बुश त्याने काढला आणि खिशात ठेवला. तुला भीती वाटू नये म्हणून तो सांगणार नव्हता, आणि चाळीसच्या वर नेणार नव्हता, बुशाशिवाय. तू जे पितळेने करायला निघालीस ते पोरगं आपणहून करत होतं. तू मागितलंस ते भीतीने मागितलंस. मी तर जाणून दिलं. तेव्हा रागाचा मोठा वाटा माझा.

दोन दिवस झाले, दुकान उघडतो आणि पाना हातात घेताना कचरतो. कुणाचाही ब्रेक बसवला की तीनदा तपासतो. जिच्यासाठी भाऊ एरवी काहीही करील अशी बहीण आणि एकुलता भाचा, दोघांना एकाच सीटवर बसवून मी ट्रेलरसमोर सोडलं होतं. हे मला दिसतं. दिसत राहील.

सोबत उजवा आरसा पाठवतोय. गोल आहे, दिव्याला शोभेल.

काशिनाथ

*

उधना
१५ फेब्रुवारी

काशीभाऊ,

उत्तराला उशीर झाला, कारण मध्ये बरेच दिवस आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

ललितने पत्र मोठ्याने वाचलं. तू सांगितलंस तितक्या मोठ्याने. शेजारची नीलम पीठ मळायचं थांबवून दारात येऊन उभी राहिली. माझ्या नावाशी आला तरी थांबला नाही, शेवटपर्यंत वाचलं. हे म्हणाले, "कोनता बुश?" ललितने खिशातून काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, आरपार पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना पत्र किती ऐकू आलं कोण जाणे, पण समजलं सगळं.

मग ललित बोलला. कधी बोलला नव्हता असं. "तुले काही समजस का मम्मी? दोन्ही मरतो ना आपण! माझ्या हातात गाडी होती आणि माझ्या हातात नव्हती!" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, तुला माझ्यावर भरवसा नव्हता. मी म्हटलं, नव्हता. रस्त्यावरही नव्हता, ट्रकवरही नव्हता, देवावरही नव्हता, तुझ्यावर कसा असेल? मी वॉर्डात रोज काय बघते ते त्याला पहिल्यांदा सांगितलं. पँट कापल्याचं, बाकावरच्या आयांचं. घरी आणायचं नाही म्हणून कधी बोलले नव्हते. तो ऐकत राहिला. मग उठून बोळात गेला. मला वाटलं आता गाडी विकेल.

विकली नाही. तू पाठवलेला आरसा लावत होता. फिटर काकांना एका सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला आणलं, त्यांच्या पाया पडला. मी खिचडी केली, ते दोनदा मागून जेवले आणि तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. चांगला माणूस आहे.

काल त्याने गाडी दाराशी आणून उभी केली, हॉर्न वाजवला नाही, नुसता थांबला. मी डबा घेतला आणि मागे बसले. मी त्याचा खांदा घट्ट धरला, तेव्हाच त्याला कळलं असणार. म्हणाला, "उतरायचं असेल तर सांग." मी म्हटलं, चल.

उधना दरवाज्याच्या पुढे रस्ता मोकळा होता. मी मीटर बघितलं. बघणार नव्हते, पण बघितलं. चाळीस. मी त्याची मूठ बघितली. ती सैल होती, आणखी कितीतरी पिळता आली असती. एक सिटी बस मागून आली, त्याने आरशात पाहिलं, मूठ पिळली, गाडी सरसर पुढे निघाली आणि बस मागे राहिली. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. तो हसला. मग पुन्हा चाळीसवर आला, आपणहून.

भीती गेली असं लिहिणार नाही, तुला खोटं वाटेल. आजही तो मिलमधून यायच्या वेळेला मी दारात होते. मोरपिशी रंग कोपऱ्यावर दिसेपर्यंत हातातला चहा तसाच होता. ती त्या बाकाचीच सवय आहे, माझ्याच्याने सुटणार नाही. पण आता तो मला सांगून जातो की कुठून जाणार, आणि मी हो म्हणते.

बुश सोबत कागदात बांधून पाठवते आहे. ललित म्हणाला टाकून दे, मला टाकवेना. तुझ्या दुकानात ठेव. आणि उद्या एखादी आई येऊन रडली, विहिरीची आठवण काढली, काहीही म्हणाली, तरी तिला तो देऊ नकोस.

तुझी
रंजू